चिमट्याची करकर

गोवर्धनकाकांच्या सायकलचा पुढचा चिमटा वाजायला लागला, तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज जाऊन सहा महिने झाले होते.

आमचं गाव अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. काकांचं घर आमच्या घराला खेटून, मधली भिंत एकच. दीड एकर मळा, विहिरीला बारमाही पाणी, आणि त्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, चवळीच्या शेंगा. भाजी पिकवायची आणि स्वतःच विकायची, हे त्यांच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. अडत्याकडे माल टाकणं काकांना कमीपणाचं वाटे. "आपण लावली, आपण तोडली, मंग दुसऱ्याच्या तोंडानं काहून विकायची?" असं ते म्हणत.

पहाटे तोडलेला माल सायकलवर लादून ते पाच-सहा किलोमीटरवरच्या एका कॉलनीत फेरी करत. सायकल जुनी, काळी, दांडीच्या ब्रेकची. वांगी आणि शेंगांची टोपली मागच्या कॅरिअरवर, पालेभाजी मात्र पुढे. हँडलला ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या मेथी-सांबाराच्या जुड्या आणि पुढच्या चाकावरच्या कॅरिअरमध्ये पालकाचं क्रेट. हिरवा पाला बाईला लांबूनच दिसला पाहिजे, हा त्यांचा नियम. इतर भाजीवाले सगळं ओझं मागे घेतात. काकांच्या सायकलवर तीस-चाळीस किलो पुढच्या चाकावर असायचं.

आणि हाक. "मेऽऽथी आली, सांबार आला! वयनी, जाग्या हाये का झोपल्या?" लहान असताना मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून एकदा कॉलनीत गेलो होतो. तीन गल्ल्या पलीकडून बायका हसत बाहेर येताना मी पाहिल्या. काका कुणाला म्हणायचे, "तुमच्या सासूबाईले पालक द्या, भांडायची ताकद कमी झाली त्याइची." त्या सासूबाई आतून ओरडायच्या. अर्धी भाजी त्या ओरडण्यातच खपायची.

तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांना पंधराव्या वर्षापासून होता. गाठ निघाली ती घशात, स्वरयंत्रावर. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याच्या खळगीत एक भोक ठेवलं. तेव्हापासून ते दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळतात. ते ओठ हलवतात, आवाज येत नाही. काकू आणि आम्ही शेजारी ओठ वाचायला शिकलो. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. ते त्यांनी अंगणात पहिल्यांदा लावलं तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकत आली. काका पोट धरून हसले, तेही बिनआवाजी, आणि यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

फेरी परत सुरू केली तेव्हा त्यांनी घंटी वाजवून पाहिली. पण घंटी दूधवाल्याचीही असते, पेपरवाल्याचीही, शाळेतल्या पोरांचीही. कुणी बाहेर येईना. मग बॅटरीचा भोंगा घेतला. त्यात सुभद्राकाकूंचा आवाज भरून घ्यायचं चाललं होतं, तेवढ्यात कॉलनीनं गेटवर पाटी लावली, भोंगा लावणाऱ्या फेरीवाल्यांना प्रवेश बंद. दोन महिने अर्धा माल परत येत राहिला.

आणि पुढचं चाक धरणारा तो चिमटा वाजायला लागला. वळणावर हँडल फिरवलं की वाजायचा, थांबताना ब्रेक दाबला की वाजायचा. लांब, कोरडी करकर, शेवटी जराशी वर चढणारी. घरांच्या सहाव्या ओळीतल्या चंदाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या आवाजाला कंटाळून भांडायलाच बाहेर आल्या होत्या.

"अहो, दात शिवशिवतात! तेल घाला की त्याला जरा!" आणि मग त्यांनी पाहिलं. "अगंबाई, गोवर्धनभाऊ तुम्ही?"

त्यांनी त्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी करकर ऐकून आपणहून आल्या, शेजारणीलाही घेऊन आल्या. महिन्याभरात कॉलनीला सवय झाली. करकर आली की बायका टोपली घेऊन फाटकाशी यायच्या. कोपऱ्यावर वळताना एकदा, थांबताना एकदा, म्हणजे ओळीला दोन हाका. काकांनी एवढं मोजून घेतलं होतं. थांबायचं नसेल तर ते ब्रेक न दाबता पाय टेकून सायकल हळू करायचे.

आमच्या फाट्यावर ओमप्रकाशचं सायकलचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, ग्रीस भरून देतो, दोन मिनिटाचं काम हाये. सकाळी सकाळी तुमी चालले का वाटते भूत चाललं."

काकांनी त्याच्या हातातला ग्रीसचा डबा काढून फळीवर ठेवला आणि ओठांनी म्हणाले, "थो माहा नोकर हाये. थो ओरडते, मी विकतो."

दीड वर्ष असं गेलं.

मी डिप्लोमा करून एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मेंटेनन्सला लागलो. बेअरिंगचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग जाणार ते आधी ओळखायचं, हे तिथलं माझं काम. म्हणूनच असेल, पण मागच्या डिसेंबरात एका सकाळी ओट्यावर दात घासत उभा असताना मला ते ऐकू आलं. काका माल लादून निघाले होते. हँडल सरळ होतं, ब्रेक दाबलेला नव्हता. चाक खड्ड्यात गेलं आणि करकर झाली, तिच्या मागोमाग एक बारीक टक्.

रविवारी मी त्यांची सायकल खोलायला घेतली. काका समोर खाटेवर बसून पाहत होते. हँडल काढलं, बेअरिंगचे छर्रे एका भांड्यात जमा केले, चिमटा खाली ओढून घेतला. चिमट्याची उभी नळी हँडलकडे जाते, तिच्या बुडाशी काळं किटण साचलं होतं. ते पुसून तिथे डिझेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. लोखंडाला तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि खडूवर रेघ उमटते. दोन मिनिटांत रेघ उमटली. नळीच्या अर्ध्या गोलाला वेढून आलेली, केसासारखी.

"काका, हे पाहा. तडा हाये. अर्धी नळी कापल्यासारखी झाली."

काका वाकले. त्यांनी अंगठ्यानं खडू पुसून टाकला आणि माझ्याकडे पाहून ओठ हलवले. "गेली रेघ."

"हासू नका. हे तुटलं तं चाक एकीकडे जाईन आन् तुमी तोंडावर. आधी छर्र्यांची वाटी घासली म्हून वाजत होतं. आता हे तड्याच्या दोन कडा घासून राहिल्या, त्याचा आवाज हाये."

त्यांनी चिमटा हातात घेतला, फिरवून पाहिला. मग विचारलं, "नवीन चिमटा वाजते का?"

"नवीन कायले वाजीन?"

त्यांनी छर्रे एकेक करून पुन्हा हँडलखालच्या वाटीत ठेवायला सुरुवात केली. जुनाच बसव, असं बोटानं सांगितलं. मी खूप समजावलं. शेवटी बसवला.

दुसऱ्या दिवशी सुभद्राकाकू मधल्या भिंतीवरून वाकल्या. "शिवम, गुरुवारी हे नागपूरले जाऊन राहिले तपासणीले. दोन दिवस लागतीन. तू नवीन चिमटा आणून टाक."

"काका रागावतीन."

"रागावू दे. विचारलं तं नाहीच म्हणतीन. मले थो आवाज नाही पाहिजे. मले माणूस पाहिजे."

मी नवा चिमटा आणला, नव्या वाट्या, नवे छर्रे, ग्रीस भरपूर. एका बोटानं हँडल फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. जुना चिमटा गोठ्यात टाकला. काम मनासारखं झालं होतं आणि मी खुशीत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

काका परतले. त्यांनी हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली. पुन्हा एकदा केली. माझ्याकडे न पाहता ते काकूंकडे पाहत राहिले. काकू भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग काका मला म्हणाले, "चांगलं केलं."

त्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या गाईपुढे सुकलेली मेथी पडायला लागली. काकू भिंतीवरून टाकत होत्या. एक दिवस टोपलंभर, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

आठव्या दिवशी मला सुट्टी होती. मी काकांसोबत कॉलनीत गेलो. पहिल्या ओळीत ते घंटी वाजवत उभे राहिले. घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, टीव्ही चालू होते. कुणी आलं नाही. समोरच्या घरातली पोरगी कचरा टाकायला निघाली, तिच्या आईनं तिच्यामागून पाहिलं आणि दोन जुड्या घेतल्या. असं करत आम्ही सहाव्या ओळीत आलो. चंदाताई दुधाची पिशवी घेऊन घरी परतत होत्या.

"गोवर्धनभाऊ! आठ दिवस होते कुठं तुम्ही? मी ह्यांना म्हटलंसुद्धा, नागपूरला अ‍ॅडमिट झाले असतील."

काकांनी जमिनीकडे बोट दाखवलं. इथेच. मग आठ बोटं दाखवली. रोज.

"आठ दिवस अ‍ॅडमिट? अरे देवा!"

मी सांगितलं की ते रोज येत होते, सायकल दुरुस्त झाली म्हणून ऐकू आलं नाही. चंदाताई ओशाळल्या. "मग घंटी वाजवायची ना हो," म्हणाल्या आणि लागत नसलेला पालकही घेतला. काका हसून मान डोलवत होते. पुढच्या वळणावर त्यांनी सायकल उभी केली आणि पाण्याची बाटली काढली. तीन-चार घोट घेतले. मग त्यांनी बाटली माझ्याकडे केली.

मला वाटलं, आवाजच हवा ना, तर आवाज करता येतो. आठ दिवस मी मिलमधून आलो की तेच करायचो. आधी नव्या चिमट्यावर जुन्या वाट्या कोरड्या बसवल्या. एक दिवस बारीक कुरकुरल्या, मग बसल्या. मग राळ लावून पाहिली, धुळीनं तिचा लगदा झाला. शेवटी चामड्याची पट्टी आणि पत्रा स्प्रिंगनं घासतील असं एक यंत्र बनवून चिमट्याला लावलं. ते वाजायचं, पण सारखं वाजायचं, थांबताना नाही आणि वळतानाही वेगळं नाही. गावातून जाताना पोरं मागे धावली. एकानं विचारलं, "काका, बेडूक पाळला का?" काकांनी फाट्यावरच ते यंत्र काढून खिशात टाकलं आणि संध्याकाळी मला परत दिलं. वर माझ्या पाठीवर थापही मारली.

पुढच्या रविवारी मी त्यांना न सांगता कॉलनीत गेलो आणि घरोघर दार वाजवलं. सांगत गेलो की गोवर्धनकाका साडेसातला येतात, आवाज येणार नाही, तुम्ही जरा बाहेर पाहत जा. बहुतेक जणी "हो, हो" म्हणाल्या. तिसऱ्या ओळीतली एक तरुण बाई दारात उभी राहून ऐकत होती. कडेवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा होता. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं.

"दादा, खरं सांगू? राग नका मानू."

"बोला ना."

"तो आवाज आला की बाहेर यावंच लागायचं. समोरच्या आलेल्या असायच्या, आपण एकट्या नाही गेलो तर कसं दिसतं? पण ते जुडी द्यायला वाकतात ना, तेव्हा गळ्यावरचा कपडा सरकतो. ते भोक दिसतं. खोकला आला तर तिथूनच... ते हातानं पुसतात, मग तोच हात भाजीला." मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिली. "हा दोनदा दचकून रडला त्यांना पाहून. त्यांना काय बोलायचं? बिचारे चांगले आहेत हो. आता आवाज नाही, तर आपल्याला कळलंच नाही असं म्हणता येतं."

पुढच्या दोन घरांत मी गळ्याचं सरळच विचारलं. एकीनं मान खाली घातली. दुसरी म्हणाली, "आता तुम्हीच विचारता म्हणून..." आणि वाक्य सोडून दिलं. मी राहिलेली घरं न करता गाडीला किक मारली.

काका मळ्यात वांग्याच्या वाफ्यात बसले होते. मी कुठे गेलो होतो ते त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि गळ्याकडे बोट नेलं. "याच्याबद्दल बोलल्या?"

मी वांगी पाहत राहिलो.

"मले माहीत हाये. चाळीस वर्षं झाली बायांची तोंडं पाहून राहिलो." त्यांनी एक किडकं वांगं तोडून बांधाकडे फेकलं. "आवाज आला तं त्या येतात. आल्या का घेतात. नाही आल्या, तं मी कोणाच्या दारात जाऊन उभा राहू?"

मंगळवारी संध्याकाळी मिलमधून येताना मला फाट्याच्या अलीकडे ती करकर ऐकू आली. पूर्वीपेक्षा मोठी. मी सरळ ओमप्रकाशच्या दुकानात शिरलो.

"त्या चिमट्याले वेल्डिंग मारली तू?"

"मारली."

"अरे, वेल्डिंगच्या बाजूलाच तुटते ते! तिथलं लोखंड मेलं आता!"

"मी नाहीच म्हणत होतो, शिवम. थो माणूस गोठ्यातून चिमटा घेऊन आला आन् बसला इथं. दोन तास. बोलत नाही, उठत नाही, गिऱ्हाईक पाहून राहिले. मी काय करू? चांगली दोनदा फिरवून मारली. नळी जराशी वाकली, म्हून घासते आता. त्याले तेच पाहिजे होतं."

"तुटलं तं?"

ओमप्रकाशनं हातातला पाना खाली ठेवला. "तू शिकेल हायेस ना? मंग त्याले गळा बसवून दे. मी चिमटा काढून फेकतो."

मी घरी आलो.

माल पुन्हा खपायला लागला. गाईपुढे मेथी पडायची बंद झाली. सकाळी करकर गल्लीतून जायची तेव्हा काकू चुलीपुढे हात थांबवून बसायच्या. ती फाट्यापलीकडे ऐकू येईनाशी झाली की त्यांचे हात पुन्हा चालायचे. त्यांच्यात आणि काकांत त्या दिवसांत फार बोलणं नव्हतं. मीही रोज ओट्यावर उभा राहून ऐकायचो. टक् येतं का, ते.

असे बावीस दिवस गेले.

जानेवारीच्या शेवटी एका धुक्याच्या सकाळी, नाल्यावरच्या पुलाच्या उतारावर चिमटा तुटला. वेल्डिंगला लागून, एका बोटाच्या अंतरावर. काका रस्त्याखालच्या खड्ड्यात गेले, त्यांच्यावर सायकल, सायकलवर माल. उजवं मनगट मोडलं, गळपट्टीचं हाड मोडलं. पाय सायकलच्या दांडीत अडकला होता. वरून मोटरसायकली जात होत्या, दुधाच्या गाड्या जात होत्या, एक कॉलेजची बस गेली. त्यांना ओरडता येत नव्हतं. माती गळ्याच्या भोकात गेली होती, ती डाव्या हातानं काढत ते श्वास घेत होते.

पुढचं त्यांनी मला नंतर दवाखान्यात खाणाखुणांनी सांगितलं, आणि सांगताना हसत होते. डाव्या हाताला फुटलेलं टोपलं लागलं. त्यांनी एकेक वांगं काढून वर रस्त्यावर फेकायला सुरुवात केली. वांगी टायरखाली चिरडत गेली. कुणी थांबेना. पाऊण तासानं एक जीपवाला थांबला. टेम्पोतून कुणाचा तरी माल सांडला असं वाटून तो पिशवी घेऊन वांगी गोळा करायला उतरला होता. गोळा करत करत कडेला आला, तेव्हा त्याला काका दिसले.

"पहिलं गिऱ्हाईक," काकांनी ओठांनी म्हटलं. "फुकटचं."

काकू बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो तर म्हणाल्या, "तू काही बोलू नको." मी बसून राहिलो.

मळ्यात मेथी उभी होती, फुलावर यायला लागली होती. चौथ्या दिवशी काकूंनी ती तोडली. मी सायकलला नवा चिमटा परत बसवून दिला. काकूंना सायकल चालवता येत नाही. पहाटे पाचला त्या हाताने ढकलत निघाल्या, मी सुट्टी टाकून सोबत गेलो. लग्नापासून त्यांनी तोडणं, निवडणं, बांधणं केलं होतं. विकायला त्या कधी गेल्या नव्हत्या. कॉलनीच्या पहिल्या ओळीत त्यांनी सायकल उभी केली. पदर ओढून घेतला, सोडला.

"काकू, मी देऊ हाक?"

"तू गप राह्य." आणि मग त्यांनी हाक मारली. शेळीला बोलवावं तशी. "मेथीऽऽ! ए, मेथी घ्या वं मायऽऽ!"

फाटकं उघडली. चंदाताई आल्या. काकांचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी काकूंना चहा दिला. तिसऱ्या ओळीतली ती बाईही आली, मुलाला कडेवर घेऊन. मुलानं मेथीची पानं ओढली आणि काकूंनी त्याच्या गालाला हात लावला. साडेनऊला टोपली रिकामी झाली. काका उत्तम दिवसांतही साडेदहाच्या आत मोकळे होत नसत.

निघताना दोन-तीन बायका काकूंभोवती जमल्या. एक म्हणाली, "भाऊंना आता आराम करू द्या, काकू. तुम्हीच येत जा." दुसरी म्हणाली, "हो, तुम्हीच या." आणि पिशवी उचलता उचलता म्हणाली, "मुलंही घाबरत नाहीत."

काकूंनी रिकामी टोपली सायकलला बांधली. परतीच्या वाटेवर नाल्याच्या पुलापाशी म्हणाल्या, "हे त्याइले सांगशीन नको."

दीड महिना त्या जात राहिल्या. मार्चमध्ये काकांचं प्लास्टर निघालं. हात बारीक पडला होता, पण मूठ वळत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे खुडबुड ऐकून मी ओट्यावर आलो. काकांनी मेथी तोडून आणली होती, जुड्या बांधल्या होत्या, पोतं भिजवलं होतं, सगळा माल आपल्या पद्धतीनं लादला होता. पाला पुढे. गळ्याभोवती धुतलेला पांढरा दुपट्टा होता. ते हँडल धरून उभे होते.

काकू आतून चपला घालून आल्या. त्यांनीही हँडल धरलं.

"मी जातो," काका म्हणाले.

"हात कच्चा हाये अजून."

त्यांनी मूठ आवळून दाखवली.

"मंग दोघं जाऊ," काकू म्हणाल्या. "मी हाक मारीन."

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. सावकाश, नीट.

"काय?" काकू म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा ओठ हलवले.

"काय म्हणता? समजून नाही राहिलं मले."

गेल्या दोन वर्षांत काकूंना त्यांचं बोलणं समजलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. मला भिंतीपलीकडून समजलं होतं. ते विचारत होते, "बायांनी मले नको म्हटलं का?"

काकू खाली वाकून पोत्याची गाठ पुन्हा बांधायला लागल्या. ती घट्टच होती. त्यांनी ती सोडली, पुन्हा बांधली.

काकांनी हँडल सोडलं. सायकलचं स्टँड पायानं वर घेतलं, मागच्या टोपलीचा दोर ओढून पाहिला आणि अंगणाचं फाटक उघडून धरलं. काकू मान खाली घालून सायकल ढकलत गेल्या. चाकं बिनआवाजी फिरत होती. फाट्याकडचं वळण येईपर्यंत त्या मागे वळल्या नाहीत.

काकांनी फाटक लावलं. दुपट्टा सोडून खुंटीवर टाकला आणि मोटर चालू करायला मळ्यात गेले.